दुर्बिणीतून रेक्टमची शस्त्रक्रिया : गुंतागुंतीचा धोका नेमका कशाने वाढतो?

चैत्रपालवी (धागाकर्ती)

माझ्या थोरल्या भावाला रेक्टमचा (गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा) कॅन्सर निघाला आहे. वय ६१. गाठ गुदद्वारापासून सुमारे ६ सेंमीवर. रेडिएशन आणि किमो पार पडलं, नव्या एमआरआयमध्ये गाठ बरीच आकसलेली दिसते, आणि आता दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायचं ठरलंय. गाठीचा भाग काढून वरचं आतडं खाली जोडणार आणि काही महिने पोटावर पिशवी ठेवणार, असं सर्जननी सांगितलं. दादाला मधुमेह आहे. सिगरेट कमी झालीय, सुटलेली नाही. वजनही बरंच उतरलंय.

भेटायला येणारे सगळे एकच सांगतात, "दुर्बिणीचं आहे ना, मग काळजी नको. चार भोकं पाडतात आणि माणूस घरी." संमतिपत्रात मात्र जोड गळणं, पोटात पू होणं, लघवी अडकणं, पुन्हा ऑपरेशन करावं लागणं असं बरंच काही लिहिलंय. दादाने ते नीट वाचलं आणि विचारलं, "दुर्बिणीचंच असेल तर पिशवी कशाला?"

शस्त्रक्रियेला अजून काही आठवडे आहेत. धोका कशाने ठरतो, त्यातलं आधीच ठरलेलं किती आणि आपल्या हातातलं किती, हे समजून घ्यायचंय. इथल्या डॉक्टरांनी आणि यातून गेलेल्यांनी कृपया लिहा. घाबरवणारं असलं तरी चालेल, पण खरं लिहा.

ओंजळ

तुमच्या दादांना मनापासून शुभेच्छा. धागा वाचत राहीन, आमच्याही घरात हा विषय आहे.

शल्यक

मी कोलोरेक्टल सर्जन आहे. भावाचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तेव्हा त्यांच्याबाबतचा शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा. एकूण चित्र काय असतं तेवढं सांगतो.

दादांचा प्रश्न अगदी बरोबर आहे, तिथूनच सुरुवात करू. दुर्बिणीमुळे लहान होते ती पोटावरची जखम. आतलं काम तेवढंच मोठं राहतं. रेक्टमभोवती चरबीचं एक आवरण असतं, त्याला मेसोरेक्टम म्हणतात. लसिकाग्रंथी त्यातच असतात. हे आवरण न फाटता अख्खंच्या अख्खं काढायचं, हे तंत्र बिल हील्ड या ब्रिटिश सर्जननी १९८२ मध्ये मांडलं आणि त्यानंतर त्याच जागी कॅन्सर उलटण्याचं प्रमाण खूप खाली आलं. पोट उघडून करा, दुर्बिणीने करा की रोबोटने करा, काढायचं तेच आणि जोडायचंही तिथेच.

२०१३ साली कलर-२ या मोठ्या चाचणीचे पहिले निष्कर्ष आले. १०४४ रुग्ण, काहींचं दुर्बिणीने, काहींचं पोट उघडून. दुर्बिणीच्या गटात रक्त कमी गेलं, आतडी लवकर चालू झाली, माणसं लवकर घरी गेली. पण एकूण गुंतागुंत दुर्बिणीत ४० टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेत ३७ टक्के. जोड गळण्याचं प्रमाण १३ आणि १०. हा फरक योगायोगाने पडू शकतो इतका लहान आहे. म्हणजे दुर्बिणीचे फायदे खरे आहेत आणि मी स्वतः बहुतेक शस्त्रक्रिया तशाच करतो, पण जोडाचा धोका दुर्बिणीमुळे कमी होतो असं कुणी सांगत असेल तर ते बरोबर नाही. (४० टक्क्यांनी दचकू नका. त्यात लघवीच्या संसर्गापासून पुन्हा ऑपरेशनपर्यंत सगळं मोजलेलं आहे.)

आता जोड का गळतो? आतड्याच्या दोन टोकांना भरपूर रक्त मिळालं आणि जोडावर ताण नसला की तो सहसा भरून येतो. जोड जितका खाली, तितकं हे दोन्ही अवघड. मेसोरेक्टम काढल्यावर खाली उरलेल्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. वरचं आतडं तिथवर ताण न देता पोचवावं लागतं. त्यातून पुरुषाचा पेल्व्हिस, म्हणजे कमरेच्या हाडांमधली पोकळी, अरुंद. चिंचोळ्या तोंडाच्या बरणीत हात घालून तळाशी काम करावं तसं ते असतं. आतडं कापण्याचा स्टेपलर आडवा, सरळ बसत नाही. एकाऐवजी दोनदा, तीनदा मारावा लागतो आणि दोन रेषा मिळतात तिथे कमकुवत जागा राहते. तीन किंवा जास्त वेळा स्टेपलर मारावा लागला की गळण्याचं प्रमाण वाढतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पुरुष असणं, जोड गुदद्वारापासून ५-६ सेंमीच्या आत असणं, आधी रेडिएशन झालेलं असणं, गाठ मोठी असणं, लठ्ठपणा, ही त्यातल्या त्यात पुन्हा पुन्हा समोर येणारी कारणं. शस्त्रक्रिया फार लांबणं आणि रक्त चढवावं लागणं हीसुद्धा त्याच यादीत येतात, पण ती बऱ्याचदा आतलं काम किती अवघड गेलं याची खूण असतात.

पिशवी इथे कामाला येते. लहान आतड्याचा एक वेढा पोटावर आणून मल तिथून बाहेर काढला की खालच्या जोडाला भरून यायला निवांत वेळ मिळतो. स्वीडनमध्ये २३४ रुग्णांवर चाचणी झाली, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. पिशवी केलेल्यांत त्रास देणारी गळती १०.३ टक्क्यांना झाली, न केलेल्यांत २८ टक्क्यांना. दादांच्या बाबतीत पुरुष, जोड खाली आणि रेडिएशन झालेलं, अशा तीन गोष्टी एकत्र आल्यात. त्यांच्या सर्जननी पिशवी सुचवली यात मला शहाणपणच दिसतं.

ओंजळ

डॉक्टर, रेडिएशनने जोडाचा धोका वाढतो तर ते देतातच कशाला?

शल्यक

गाठ आवरणाच्या कडेपर्यंत पोचली असेल किंवा ग्रंथींमध्ये शिरली असेल, तर रेडिएशनने त्याच जागी कॅन्सर परतण्याची शक्यता बरीच घटते. पेल्व्हिसमध्ये परतलेला कॅन्सर हे फार वेदनादायी दुखणं आहे. गळलेला जोड पिशवी, ड्रेन (आतलं पाणी-पू बाहेर काढणारी नळी), अँटिबायोटिक यांनी बहुधा सावरता येतो. म्हणून हा सौदा करतात. ज्यांना गरज नाही त्यांना देत नाहीत, आणि ते एमआरआय बघूनच ठरतं.

निद्राधीश

मी भूलतज्ज्ञ. शल्यक यांनी आतल्या जोडाचं लिहिलं, मी बाकीच्या शरीराचं लिहितो, कारण गंभीर गुंतागुंतींचा मोठा वाटा तिथून येतो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण १२ ते १५ मिमी पाऱ्याच्या दाबाने. रेक्टमसाठी टेबल डोक्याकडे चांगलंच उतरतं करावं लागतं, म्हणजे आतडी छातीकडे सरकतात आणि पेल्व्हिस मोकळा दिसतो. पाय रिकिबीत वर बांधलेले. असं चार-पाच तास, अवघड केसमध्ये आणखीही. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा वर ढकलला जातो, फुप्फुसांचे तळ दबतात, हृदयावर भार येतो. धूम्रपान करणाऱ्याची फुप्फुसं हा ताण नीट सोसत नाहीत आणि मग न्यूमोनिया गाठतो. फार वेळ पाय वर राहिले तर पोटरीच्या स्नायूंचा रक्तपुरवठा अडकू शकतो. हे दुर्मिळ आहे, पण शुद्धीवर आल्यावर पोटरी असह्य दुखत असेल तर लगेच सांगायचं, सहन करत बसायचं नाही. कॅन्सर आणि पेल्व्हिसची शस्त्रक्रिया एकत्र आली की पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतोच. म्हणून पोटात टोचायचं हेपरिनचं (गुठळ्या होऊ न देणारं) इंजेक्शन घरी गेल्यावरही चालू ठेवतात, बहुधा एकूण चार आठवडे. घरी गेल्यावर ते मध्येच सोडणारे बरेच भेटतात. सोडू नका.

चैत्रपालवी, तुम्ही हातातलं काय ते विचारलंत. वयाच्या आकड्यापेक्षा ताकद महत्त्वाची. जिना चढताना धाप लागते का, हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, यावरून मला खूप कळतं. रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन डेसिलिटरला ३.५ ग्रॅमच्या खाली आणि सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलेलं, अशा माणसाच्या जखमा आणि जोड दोन्ही मंद भरतात. वजन उतरलंय म्हणालात, म्हणून आहारतज्ज्ञांची भेट आजच ठरवा. हिमोग्लोबिन तपासा. कमी असेल तर ते लोहाने भरून काढायला हाताशी वेळ आहे. साखर आतापासून ताब्यात आणा. शस्त्रक्रियेच्या आगेमागे ती १८० च्या आत ठेवायचा आमचा प्रयत्न असतो.

आणि व्यायाम. २०२३ मध्ये मोठ्या आतड्याच्या आणि रेक्टमच्या कॅन्सरच्या २५१ रुग्णांवरची एक चाचणी आली. अर्ध्यांना शस्त्रक्रियेआधी चार आठवडे देखरेखीखाली व्यायाम, प्रथिनयुक्त आहार, मानसिक आधार आणि सिगरेट सोडायला मदत दिली. गंभीर गुंतागुंत त्यांच्यात १७.१ टक्के, नेहमीच्या पद्धतीने गेलेल्यांत २९.७ टक्के. चार आठवड्यांत एवढा फरक पाडणारं औषध माझ्या माहितीत नाही.

चैत्रपालवी

निद्राधीश, तुमचा प्रतिसाद दादाला मोठ्याने वाचून दाखवला. खुर्चीतून उठून बघायला त्याने लगेच सुरुवात केली. सिगरेटबद्दल तो म्हणतो, "इतक्या वर्षांची सवय, आता महिनाभर सोडून काय होणार? उलट अचानक सोडली तर खोकला वाढेल असं ऐकलंय." यात तथ्य आहे का?

निद्राधीश

चार आठवडे सोडली तरी जखमेच्या आणि छातीच्या गुंतागुंती कमी होतात. जितकी आधी तितकं उत्तम. ऑपरेशनच्या तोंडावर सोडली तर नुकसान होतं, ही जुनी भीती अभ्यासांत टिकलेली नाही. निकोटिन छोट्या रक्तवाहिन्या आकसवतं आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. जोडाच्या कडेला नेमकं तेच रक्त आणि तोच प्राणवायू हवा असतो. दादांना हे एवढंच सांगा. समुपदेशन आणि गरज पडली तर निकोटिनचे पॅच यासाठी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. एकट्याने जिद्दीवर सोडणं फार कठीण जातं.

पाणवठा

हा धागा निघाला म्हणून लिहितोय. माझ्या वडिलांचं असंच ऑपरेशन झालं होतं, दुर्बिणीने, पिशवी न ठेवता. पहिले दिवस छान गेले, डिस्चार्जचं बोलणंही सुरू झालं. मग एका संध्याकाळी ते अस्वस्थ झाले. ताप नव्हता. पोटात फार दुखतंय असंही म्हणत नव्हते. फक्त पलंगावर एका कुशीवर टिकत नव्हते, मॉनिटरवर नाडी ११० च्या वर, श्वास भरभर. पोट ढोलासारखं ताणलेलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी गॅस झालाय म्हणून सांगितलं. रात्रपाळीच्या सिस्टरनी ड्रेनच्या पिशवीवर टॉर्च मारून पाहिलं. तोवर लालसर पाणी येत होतं ते आता गढूळ, तपकिरी झालं होतं. त्यांनी स्वतः वरिष्ठांना फोन लावला. सीटी झाला, जोड गळला होता. त्याच रात्री पुन्हा पोट उघडलं, पिशवी केली. बाबा वाचले ते त्या सिस्टरांमुळे, असं मी आजही मानतो.

चैत्रपालवी, तुम्हाला घाबरवायचं नाही. पण नातेवाइकांना काय बघायचं ते माहीत असावं. ताप येईल याची वाट पाहू नका.

शल्यक

पाणवठा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. गळतीचं पहिलं लक्षण बऱ्याचदा हेच असतं: वाढलेली नाडी, वाढलेला श्वास, चालू झालेली आतडी पुन्हा थबकणं, आणि "बरं वाटत नाही" एवढंच सांगणारा रुग्ण. तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत आम्ही रक्तातला सीआरपी, म्हणजे सूज-संसर्गात वाढणारं एक प्रथिन, पाहतो. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या मर्यादा तिसऱ्या दिवशी १७२, चौथ्या दिवशी १२४ आणि पाचव्या दिवशी १४४ मिग्रॅ प्रति लिटर अशा आहेत. आकडा याच्या खाली असेल तर गळती नसण्याची शक्यता ९७ टक्क्यांच्या आसपास. मात्र वर असेल तर गळती आहेच असं नाही, न्यूमोनियानेही तो चढतो. चढत जाणारा सीआरपी घेऊन रुग्णाला घरी पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत.

सगळ्या गळत्या सारख्या नसतात. २०१० पासून तीन श्रेणी मानतात. 'अ' म्हणजे फक्त तपासणीत दिसली, उपचार बदलावे लागले नाहीत. 'ब' म्हणजे अँटिबायोटिक, सुईने किंवा खालून निचरा, पण पोट पुन्हा उघडायला लागत नाही. 'क' म्हणजे पुन्हा ऑपरेशन. पिशवी आधीपासून असेल तर 'क' पर्यंत जाणारे कमी होतात.

शोधक७

आतडं साफ करायची पावडर देणं आता जुनाट झालंय ना? मी वाचलं होतं की त्याने उपयोग काहीच होत नाही, उलट पाणी कमी पडतं. आणि ड्रेनही हल्ली टाकत नाहीत म्हणे.

शल्यक

वरच्या मोठ्या आतड्यासाठी नुसत्या पावडरीचा उपयोग दिसला नाही, तेवढं खरं. रेक्टमचं वेगळं आहे. फ्रान्समधल्या ग्रेकार-३ चाचणीत, २०१० साली, १७८ रुग्णांमध्ये साफसफाई न करता शस्त्रक्रिया झालेल्यांत जंतुसंसर्गाच्या गुंतागुंती ३४ टक्के आणि साफसफाई केलेल्यांत १६ टक्के होत्या. वर पिशवी ठेवायची असेल तर जोड आणि पिशवी यांच्यामधलं आतडं मलाने भरलेलं ठेवण्यात अर्थही नाही. तोंडाने अँटिबायोटिक देणंही हल्ली पुन्हा रुळलंय. ड्रेनचं तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर. त्याच गटाच्या ग्रेकार-५ चाचणीत ड्रेनने पेल्व्हिसमधला संसर्ग कमी झाला नाही, १६.१ विरुद्ध १८ टक्के. पाणवठांच्या वडिलांना त्याने इशारा दिला, पण अनेकदा गळती असूनही ड्रेन स्वच्छ राहतो. त्याच्या भरवशावर राहू नये एवढंच.

ओंजळ

आम्हाला एकांनी सुचवलं की रोबोटनेच करा, त्यात गुंतागुंत होतच नाही. खर्च बराच जास्त आहे. खरंच एवढा फरक पडतो का?

शल्यक

"होतच नाही" असं कुठल्याही शस्त्रक्रियेबद्दल म्हणू नये.

रोलार नावाची चाचणी २०१७ मध्ये आली, ४७१ रुग्ण. रोबोट गटात ८.१ टक्के आणि साध्या दुर्बिणीत १२.२ टक्के लोकांचं पोट शेवटी उघडावं लागलं. फरक सिद्ध म्हणण्याइतका नव्हता. पुढे २०२२ मध्ये चीनमधून रिअल चाचणी आली, १२४० रुग्ण. त्यात औषधोपचाराची किंवा त्याहून जास्त उपायांची गरज पडणारी गुंतागुंत रोबोटने १६.२ आणि दुर्बिणीने २३.१ टक्के. तिथले सर्जन दोन्हींत मुरलेले होते, हे ध्यानात ठेवावं लागतं. अरुंद पेल्व्हिस, लठ्ठ पुरुष, खालची गाठ, अशा ठिकाणी रोबोटची वळणारी उपकरणं मदत करतात, हे माझ्याही हाताला जाणवतं. पण रोबोट नवा घेतलेल्या ठिकाणी त्याने करण्यापेक्षा साध्या दुर्बिणीत पारंगत सर्जनकडून केलेलं मी पसंत करीन.

नव्या तंत्राचा उत्साह कुठे नेऊ शकतो, याचं उदाहरण खालून, गुदद्वारातून दुर्बीण घालून करायच्या टाटीएमई पद्धतीचं. कागदावर ती फार छान वाटते, खालची कड थेट दिसते. पण मूत्रमार्गाला इजा आणि रक्तात वायूचा बुडबुडा शिरणं अशा एरवी क्वचित दिसणाऱ्या गुंतागुंती त्यात आल्या. नॉर्वेमध्ये १५७ रुग्णांचा आढावा घेतला तेव्हा कॅन्सर लवकर आणि एकाच वेळी अनेक जागी परतलेला दिसला आणि त्यांनी देशभर ती पद्धत थांबवली. निष्णात केंद्रांत तिचे निकाल चांगले आहेत. शिकण्याच्या काळात रुग्णाला किंमत मोजावी लागते, ही त्यातली खरी गोष्ट.

म्हणून सर्जनना मोकळेपणाने विचारा: वर्षाला रेक्टमच्या किती करता, पोट उघडायची वेळ किती जणांवर येते, तुमच्याकडे जोड गळण्याचं प्रमाण काय. हे विचारलं म्हणून चांगला सर्जन रागावत नाही. आणि दुर्बिणीने सुरू करून पोट उघडावं लागलं तर ते अपयश समजू नका. रक्तस्राव किंवा दिसण्याची अडचण असताना वेळेवर पोट उघडणं हे रुग्णाच्या भल्याचंच असतं.

स्टोमासखी

मी स्टोमा नर्स, म्हणजे पोटावरच्या पिशवीची काळजी कशी घ्यायची ते पाहणारी आणि शिकवणारी. पिशवीचे फायदे वर आलेत, पण पिशवीचे स्वतःचे त्रासही असतात आणि त्यासाठी पुन्हा भरती होणारे मला नेहमी भेटतात.

लहान आतड्याच्या पिशवीतून पातळ मल येतो. सुरुवातीला तो फार वाढला, दिवसाला दीड लिटरच्या वर गेला, की शरीरातलं पाणी आणि मीठ झपाट्याने निघून जातं. चक्कर, तोंड कोरडं, लघवी गडद आणि कमी, पायात गोळे. इथे नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर मल आणखी वाढतो आणि मीठ आणखी कमी होतं. ओआरएस घ्यायचं. पिशवी रिकामी करताना मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहायचं, पहिले काही आठवडे तरी. मधुमेह असलेल्यांनी, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, कोणत्या गोळ्या चालू ठेवायच्या आणि पाणी कमी झालं तर कोणत्या लगेच थांबवायच्या, हे घरी जाण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायचं. मूत्रपिंडाला इजा होण्याचं हे टाळता येण्यासारखं कारण आहे.

ताई, अजून एक. पिशवीची जागा शस्त्रक्रियेच्या आधी, रुग्ण जागा असताना ठरवली पाहिजे. मी आडवं झोपवून, बसवून, उभं करून, पुढे वाकवून पोटाच्या घड्या पाहते, पँटचा पट्टा कुठे येतो ते पाहते, आणि रुग्णाला स्वतःला ती जागा दिसते ना हे विचारून मार्करने खूण करते. घडीत आलेली पिशवी चिकटत नाही, गळते, कातडी सोलवटते. दहा-पंधरा मिनिटांचं हे काम राहून गेलं की महिनोन्महिने त्रास. तुमच्याकडे कुणी केलं नसेल तर आठवण करून द्या.

वळणवाट

माझं ऑपरेशन होऊन बराच काळ लोटलाय. कॅन्सर नाही, जोड गळला नाही, कागदोपत्री सगळं उत्तम. तरीही पिशवी बंद झाल्यावरचं पहिलं वर्ष माझ्यासाठी सगळ्यात कठीण होतं आणि त्याबद्दल आधी कुणी नीट बोललं नव्हतं. एकदा गेलं की तासाभरात चार-पाचदा जावं लागायचं. घाई इतकी की दार गाठेपर्यंत जीव टांगणीला. वायू आहे की मल हे कळायचं नाही. बाहेर पडलो की आधी शौचालय कुठे आहे ते शोधायचो.

याला लार्स म्हणतात, हे मला नंतर समजलं. डॅनिश डॉक्टरांनी २०१२ मध्ये पाच प्रश्नांची गुणपत्रिका केली आहे, ० ते ४२. वीसपर्यंत त्रास नाही असं धरतात, ३० किंवा त्याच्या वर गेलं की तीव्र. माझे गुण वरचे होते. पेल्व्हिक फ्लोअरचे (पेल्व्हिसच्या तळाच्या स्नायूंचे) व्यायाम, लोपरामाइड (जुलाब आवरणारी गोळी) आणि शेवटी खालून पाणी घालून आतडं धुण्याची पद्धत, यांनी माझं आयुष्य पुष्कळ मार्गावर आलं. दादांना हे आधी सांगा. ठाऊक असलं की माणूस स्वतःला दोष देत नाही, आणि मदत लवकर मागतो.

शल्यक

वळणवाट, मनःपूर्वक आभार. गंभीर गुंतागुंतींच्या यादीत लार्स बहुतेक वेळा धरतच नाहीत, आणि रुग्णाच्या रोजच्या जगण्यावर सगळ्यात जास्त परिणाम त्याचाच होतो. धोका वाढवणारी कारणं ओळखीचीच: जोड खाली, रेडिएशन, आणि जोड गळला असेल तर तेही. काही अगदी खालच्या गाठींमध्ये, विशेषतः गुदद्वाराचे स्नायू आधीच ढिले असतील तर, कायमची पिशवी हा जास्त सुखाचा पर्याय ठरू शकतो. ते शस्त्रक्रियेआधी बोललं पाहिजे.

आणखी एक विषय संकोचाने राहून जातो. लघवी आणि लैंगिक क्रिया सांभाळणाऱ्या बारीक नसा मेसोरेक्टमच्या अगदी लगत जातात. गाठ खाली असेल, रेडिएशन झालं असेल किंवा रक्तस्रावाने दिसत नसेल तर त्या दुखावतात. कॅथेटर (लघवीची नळी) काढल्यावर लघवी न होणं बहुतेकांमध्ये काही दिवसांत सुधारतं. प्रोस्टेट आधीच वाढलेली असेल तर जास्त वेळ लागतो. लैंगिक तक्रार मात्र टिकू शकते, स्त्रियांमध्येसुद्धा. ऑपरेशनआधी काय स्थिती होती याची नोंद असेल तर पुढचे उपचार सोपे जातात. दादा तुमच्यासमोर बोलणार नाहीत, तेव्हा वहिनींना बरोबर घेऊन त्यांना डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.

चैत्रपालवी

सगळ्यांचे खूप खूप आभार. वहिनीला हा धागा पाठवला आहे. आहारतज्ज्ञांची वेळ मिळाली, रक्ततपासण्या दिल्या, आणि स्टोमा नर्सची भेट मागितल्यावर लगेच मिळाली. दादाने सिगरेटसाठी समुपदेशकाकडे जायला होकार दिलाय. पिशवीला तो आता नाही म्हणत नाही. शेवटचा प्रश्न त्याचाच आहे: पिशवी बंद कधी करतात, आणि त्यात काय धोका?

शल्यक

साधारण दोन-तीन महिन्यांनी, पण पुढे किमो चालू असेल तर ते संपेपर्यंत थांबतात. त्याआधी जोड बोटाने आणि दुर्बिणीने तपासतात, खालून औषध सोडून फोटो किंवा सीटी काढतात, कुठे गळत नाही ना आणि जोड अरुंद झालेला नाही ना हे पाहतात. काही जणांची पिशवी ठरल्यापेक्षा फार लांबते, आणि काहींची कधीच बंद करता येत नाही. त्यांत जोड गळलेले, कॅन्सर पसरलेले आणि वयस्कर रुग्ण जास्त असतात. बंद करण्याची शस्त्रक्रिया लहान असली तरी आतडी काही दिवस सुस्त राहणं आणि जखमेत संसर्ग या दोन गोष्टी होतात. तिथली कातडी पूर्ण शिवण्याऐवजी बटव्याच्या दोरीसारखी ओढून मधे थोडी फट ठेवली तर संसर्ग कमी होतो.

स्टोमासखी

पिशवी बंद व्हायची तारीख मिळायची वाट न पाहता पेल्व्हिक फ्लोअरचे व्यायाम आधीच शिकून घ्या आणि चालू ठेवा. फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घेतलेलं चांगलं, कारण बरेच जण मूळ स्नायू सोडून पोट आणि मांड्याच आवळतात. बंद झाल्यावर कातडीला लावायचं मलम पहिल्याच दिवसापासून हाताशी ठेवा. आणि पिशवी असतानाही खालून कधीतरी शेंबडासारखा स्राव येईल. तो आतड्याच्या अस्तराचा असतो, त्याने घाबरू नका. रक्त, पू किंवा घाण वास आला तर मात्र कळवा.